उतार ठेवलेला खड्डा

डेलमारचा जेसीबी फाटकातून आत आला तेव्हा ऑरेस्ट हनाट्युक गव्हाणीसमोर उभा होता आणि सकाळी घातलेली चंदी जशीच्या तशी होती. भिजवलेल्या बीटच्या चोथ्यावर आता बर्फाची पातळ साय धरली होती. कॉपर जरा दूर उभा होता. तांबूस अंगाचा, वयाची तिशी जवळ आलेला घोडा. पाठीचे मणके कातड्याखालून वर आलेले. चंदीवरची नजर त्याने काढली नव्हती, पण पाऊल पुढे टाकत नव्हता.

त्या मुलखात म्हाताऱ्या घोड्याचा निकाल हिवाळ्यापूर्वी लावावा लागतो. नोव्हेंबर सरता सरता जमीन गोठून बंद होते, आणि एकदा ती बंद झाली की फावड्याचे सोडाच, जेसीबीचा दातही तिच्यात शिरत नाही. म्हणून ज्याचा हिवाळा निघेल याची खात्री नाही, त्याच्यासाठी खड्डा आधी खणून ठेवतात. आणि एकदा खणला की घोड्याला सहसा फार दिवस थांबवून ठेवत नाहीत.

ऑरेस्टच्या खिशातला फोन वाजला.

"तोंड लावलं?" लिओनाने विचारले.

"नाही."

"वास तरी घेतला?"

"लिओना, तू खिडकीतून सगळं बघतेयस."

"बघतेय म्हणूनच विचारतेय. तो चंदीला नाही म्हणत नाहीये. तुझ्याशी भांडतोय तो."

"घोडे भांडत नाहीत."

"माझा भांडतो. तुझ्यापेक्षा बरा भांडतो. निदान समोरच्याचं ऐकून तरी घेतो."

ऑरेस्टने वळून घराकडे पाहिले. स्वयंपाकघराच्या खिडकीत त्याच्या बायकोचा पांढरा माथा दिसत होता. खुब्याचा सांधा बदलल्यापासून तिची खुर्ची तिथेच होती, आणि दाराबाहेरच्या पायऱ्या उतरायला तिला सक्त मनाई होती. कॉपर तिचा घोडा. शिंगरू असल्यापासून त्याला तिनेच वाढवले होते. सकाळ-संध्याकाळ चुलीवर कोमट केलेल्या पाण्याच्या दोन बादल्या ती त्याच्याकडे नेई आणि पत्र्याच्या बादलीवर डाव आपटून त्याला बोलावी. शस्त्रक्रियेची तारीख ठरली आणि ते काम ऑरेस्टकडे आले.

ऑरेस्ट बादल्या वाहणाऱ्यांपैकी नव्हता. तंत्रनिकेतनात त्याने उभी हयात मुलांना मोटारी आणि तारा शिकवल्या होत्या. आसपासच्या गावांत लोक त्याला अजून मास्तरच म्हणत. त्याने कुरणाच्या कडेला पोलादी हौद बसवला, पाणी गोठू नये म्हणून आत विजेचा हीटर सोडला, आणि पाणी कमी होताच नळ आपोआप सुरू व्हावा म्हणून तरंगता गोळा लावला. वाऱ्याने चारा उडू नये यासाठी हौदाच्याच चौकटीला पोलादी गव्हाण बोल्टने जोडली. सुरुवातीला विजेची गळती झाली की पडणारा सुरक्षेचा स्विच ओलाव्याने उगाचच पडत होता. तो काढून त्याने साधा स्विच बसवला, तेव्हापासून काही कुरकुर उरली नव्हती. तारही पागेच्या वळचणीखालून, कोरड्या जागेतून, नीट आणली होती. काम देखणे झाले होते.

त्यानंतर लवकरच कॉपरचे खाणे सुटले.

ऑरेस्टने रीतसर तपास केला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग परिणाम पाहायचा, हा त्याचा नियम. आधी गवत बदलले. मग लसूणघास आणली. मग बीटचा चोथा भिजवून त्यात काकवी घातली. घोडा जमिनीवरचे गवत तोंडात घेई, बराच वेळ चघळे आणि त्याचा बोळा करून टाकून देई. जनावरांची डॉक्टर शेल्बी येऊन गेली. तिने त्याच्या दाढा कानशीने घासल्या आणि सांगितले की मागच्या दाढा हिरड्यांपर्यंत झिजल्यात. या वयात असे होणारच. तिला दोष देण्यासारखे काही नव्हते. हौद काठोकाठ भरलेला होता, पाणी कोमट होते, घोडा म्हातारा होता.

रविवारी जेवणाच्या टेबलाशी लिओनाने कॉपरला इंजेक्शनने निजवायला होकार दिला होता. बटाट्याचे सारण भरलेल्या पिरोग्यांची ताटली पुढे ढकलून ती म्हणाली होती, "साखळी बांधून ओढायचं नाही त्याला. मी बघितलंय ते, माझ्या बापाच्या शेतावर. तो स्वतःच्या पायांनी जाईल. आणि डॉक्टर येईपर्यंत त्याच्यासमोर चंदी पाहिजे. एक घास खाल्ला तरी मला हाक मारायची."

डॉक्टर आज दुपारी येणार होती.

"मास्तर! कुठं खणू?" डेलमारने यंत्रावरूनच ओरडून विचारले.

"झुडपांच्या रांगेमागं. खिडकीतून दिसायला नको."

"तिकडं सखल आहे. पाणी पाझरेल खाली."

"पाझरू दे. वर दगड लागतो."

डेलमार फायां हा शेजारचा. निम्म्या तालुक्याच्या विहिरी आणि निम्म्या तालुक्याची थडगी त्याच्या हातची, असे तो स्वतःच सांगे. त्याने दुपारच्या आत खड्डा खोल उतरवला आणि लिओनाच्या अटीप्रमाणे एका टोकाला लांब उतार काढला. ऑरेस्ट काठावर उभा राहून उताराचा कोन नजरेने मोजत होता.

"असा उतार माझ्यासाठीपण ठेवायला सांग," डेलमार म्हणाला. "पेटी उचलणाऱ्यांचे गुडघे वाचतील."

"तुला खाली घालायला उतार कशाला? गडगडत जाशील."

डेलमार हसला, मग हसू आवरून त्याने टोपी काढली. "हे बघ, वाईट वाटून घेऊ नको. रात्री पारा घसरणार आहे. या आठवड्यानंतर मलाही इथं दात लावता येणार नाही. उपाशी घोडा जानेवारीपर्यंत ओढत नेण्यापेक्षा हे बरं."

"मला माहीत आहे."

"तुला माहीत आहे रे. तिला?"

डेलमार कॉफी घ्यायला घरात गेला. थोड्याच वेळात फोनवर लिओनाचा कोरडा आवाज आला, "त्याला सांगितलं मी, कॉफी केटलीत आहे, खसखशीचा पाव डब्यात आहे, हातानं घे. आज मी वाढणार नाही." मागून डेलमार म्हणाला, "घेतोय, बाई, घेतोय."

आता फारसा वेळ नव्हता. ऑरेस्टने गव्हाणीतला चोथा काढून टाकला, नवा भिजवला, कॉपरची मोरकी धरून त्याला पुढे आणले. घोडा आला. त्याने मान लांब केली. नाकपुड्या फुलल्या, ओठ पुढे झाले. चोथ्यापासून ते बोटभर अंतरावर होते. घोड्याचे तोंड गव्हाणीच्या कडेला टेकले, त्याच्या नाकावरचे कातडे थरारले, आणि मान झटक्यात वर गेली. मागे सरताना त्याचा खूर ऑरेस्टच्या बुटावर पडला.

"खा ना रे!" ऑरेस्ट ओरडला. त्याने आजवर या घोड्यावर आवाज चढवला नव्हता. "खा! एक घास! तुझ्यासाठी तिकडं काय खणून ठेवलंय, कळतंय का तुला?"

कॉपर कान मागे पाडून उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत भीती नव्हती. होता तो फक्त थकवा. ऑरेस्टला ओरडल्याची लाज वाटली. मोरकीचे दावे सोडून तो काकवीचा डबा आणायला पागेत गेला. डब्याचे झाकण गोठून बसले होते. ते उघडता उघडता फोन वाजला.

"ऑरेस्ट! फाटक!"

"काय?"

"फाटक उघडं आहे! डेलमारनं यंत्र आत घेतल्यापासून उघडं आहे. कॉपर बाहेर गेला. झुडपांकडं गेला!"

ऑरेस्ट धावला. त्याच्या वयाच्या माणसाने गोठलेल्या ढेकळांवर धावू नये, पण तो धावला. झुडपांमागे घोडा नव्हता. मातीचा ढीग होता, जेसीबी होता, आणि उताराच्या ओल्या चिकणमातीत खुरांचे ठसे होते, सरळ खाली गेलेले.

कॉपर खड्ड्याच्या तळाशी उभा होता. दोन्ही बाजूंना त्याच्या पाठीपेक्षा उंच भिंती होत्या. मान खाली घालून तो पाझरलेले गढूळ पाणी पीत होता.

"सापडला?" फोनमधून आवाज आला.

"सापडला."

"कुठंय?"

"खाली आहे. खड्ड्यात. स्वतः उतरलाय. पाणी पितोय."

"पितोय?"

"पितोय. थांबतच नाही." घशातून घोट उतरताना मानेखाली सरकत जाणारा एकेक गोळा त्याला वरून दिसत होता.

"तुझा हौद भरलेला आहे ना?"

"काठोकाठ."

"मग?"

हौद काठोकाठ होता. तो नेहमीच काठोकाठ असे. गोळा खाली गेला की नळ भरून काढी. बादली असती तर ती रिकामी झाली की नाही हे दिसले असते. या हौदातून घोडा किती पितो, पितो तरी का, हे कोणालाही कळण्याची सोय त्याने ठेवली नव्हती.

पण विचार करायला उसंत नव्हती. डाव्या भिंतीच्या वरच्या काठाला, मातीच्या ढिगाच्या बाजूने, बोट जाईल एवढी भेग पडली होती. ऑरेस्टला ती आधी दिसली नव्हती.

डेलमार धापा टाकत आला, त्याने खाली पाहिले आणि तो जेसीबीकडे वळला. "उतार रुंद करतो!"

"यंत्राला हात लावू नको! काठ हादरला तर ही भिंत त्याच्या अंगावर येईल."

"मग मागं घे त्याला!"

"ओल्या मातीत, उलट्या पायांनी, चढावर? मागचे पाय सुटतील. बसला तर उठणार नाही. त्याला तिथंच वळवायला पाहिजे."

"वळायला जागा कुठाय, मास्तर?"

"जेमतेम आहे." ऑरेस्टने फोनचा आवाज पूर्ण वाढवला आणि तो डेलमारच्या हातात दिला. "उताराच्या वरच्या टोकाला उभा राहा. हा उंच धर. लिओना, ऐकतेयस? बादली आहे जवळ?"

"बादली कशाला?"

"डाव घे आणि बादली वाजव. मी सांगितलं की लगेच."

ती काही विचारत बसली नाही. वॉकर सरकल्याचा, मग काहीतरी पडल्याचा आवाज आला. ऑरेस्ट भिंतीला पाठ घासत उतारावरून खाली गेला. घोड्याची बरगडी आणि माती यांच्यामध्ये तो कसाबसा मावला. कॉपरच्या अंगाला घामाचा नव्हे, तापलेल्या धुळीचा वास येत होता. ऑरेस्टने त्याच्या मानेखालून हात घालून मोरकी धरली. घोडा पाणी सोडायला तयार नव्हता.

"पुरे, बाबा. वर आहे अजून. देतो तुला. पुरे." मग वर तोंड करून, "वाजव!"

फोनमधून डावाचा बादलीवरचा ठणठणाट आला. पत्र्याचा, चिरका, ओळखीचा. कॉपरचे कान ताठ झाले. त्याने मान वर उचलली, पाण्याचे ओघळ ऑरेस्टच्या बाहीवर पडले, आणि तो आवाजाच्या दिशेने वळू लागला. ऑरेस्टने खांद्याने त्याच्या छातीला रेटा दिला. घोड्याचा पुठ्ठा भिंतीवर घासला. वरून मातीचे खडे पडले, मग ढेकळे पडली.

"वाजवत राहा! थांबू नको!"

"ये रे, माझ्या लबाडा, ये," लिओनाचा आवाज ठणठणाटातून येत होता, "ये, गधड्या, ये!"

कॉपरचे तोंड उताराकडे झाले. त्याने पुढचे खूर रोवले, मागचा एक सटकला, पुन्हा रोवला, आणि मोठ्याने फुरफुरत तो वर चढला. त्याची शेपटी ऑरेस्टच्या तोंडावरून गेली, आणि त्याच क्षणी डावीकडची भिंत सुटली. धरणाचे दार उघडावे तशी ती एकदम आली नाही. सावकाश, जड, ओली माती सरकत आली आणि ऑरेस्टचे पाय गुडघ्यांपर्यंत बुजले.

"मास्तर!"

"उभा आहे. आधी त्याला धर."

"तो कुठं जातोय? फोन चाटतोय माझ्या हातातला!" डेलमारने फोन खिशात कोंबला, उतारावर आडवा होऊन हात पुढे केला, आणि ऑरेस्टला ओढून काढले. एक बूट खालीच राहिला.

त्या एका बुटानिशी ऑरेस्ट घराकडे न जाता हौदाकडे गेला. मागून डेलमार ओरडत होता, "पाय गोठेल तुझा!" हौदापाशी ओली, तुडवलेली जमीन होती. बूट असलेल्या पायावर तोल सावरून ऑरेस्टने हातमोजा काढला आणि हात पाण्यात घातला. पाणी कोमट, स्वच्छ होते. हाताला काही लागले नाही. मग त्याने ओला मोजा घातलेला पाय उघड्या जमिनीवर टेकवला.

दंडापर्यंत मुंग्या चढल्या. फार नव्हे, माणसाने दुर्लक्ष करावे इतपतच. पण ओले नाक पाण्यात घालून पिणाऱ्या, चारी लोखंडी नाल ओल्या जमिनीत रोवून उभ्या राहणाऱ्या जनावराने ते का करावे?

त्याने गव्हाणीच्या कडेला हात लावला. तिथेही तेच होते. एकच चौकट, एकच बोल्ट, त्याचेच देखणे काम. तो रबरी बुटांत आणि हातमोज्यांत येत होता, डॉक्टर रबरी बुटांत आली होती. अर्थिंगची सळई त्याने वळचणीखालच्या, करंट जमिनीत उतरू न देणाऱ्या कोरड्या वाळूत ठोकली होती, कारण तिथे ठोकणे सोपे होते. आणि जो स्विच पुन्हा पुन्हा पडून नेमके हेच सांगत होता, तो त्याने खोटा ठरवून काढून टाकला होता.

पागेत जाऊन त्याने वीज बंद केली. बाहेर आला तेव्हा डेलमार घोडा धरून उभा होता.

"पाण्यात करंट होता," ऑरेस्ट म्हणाला. "गव्हाणीतपण. मी बसवलेला."

"आणि माझ्या घरची तारसुद्धा तूच ओढलीस, मास्तर," डेलमार म्हणाला. "आज रात्री बूट घालूनच झोपतो मी."

डॉक्टर शेल्बीची गाडी आली तेव्हा ते दोघे कॉपरला घरातल्या पाण्याची दुसरी बादली दाखवत होते. ऑरेस्टने काहीही न वगळता सारे सांगितले. डॉक्टरने घोड्याच्या हिरडीवर बोट दाबले, मानेचे कातडे चिमटीत धरून सोडले, आणि बराच वेळ पोटाला स्टेथोस्कोप लावून ऐकत राहिली.

"उजवी बाजू जवळजवळ गप्प आहे," ती म्हणाली. "पाण्यावाचून आतला चारा सुकून अडकलाय. हे आधी कळलं असतं तर..." तिने वाक्य सोडून दिले. "मी नाकातून नळी घालून पाणी आणि तेल पोटात सोडते. आतडं हललं तर लीद टाकेल. नाही हललं तर तो जमिनीवर लोळायला लागेल. मग मात्र मला बोलवा आणि वेळ घालवू नका. मी अंधार पडेपर्यंत पुढच्याच शेतावर आहे."

"आणि तुमची ती शेवटच्या इंजेक्शनची पेटी?"

"औषधांची आणि ती, दोन्ही पेट्या गाडीतच आहेत, मिस्टर हनाट्युक. कोणती काढायची ते तो सांगेल."

नळीचे काम करून ती गेली. डेलमारही निघण्याच्या घाईत होता. दिवस कलला होता आणि वाऱ्याला धार आली होती.

"खड्ड्याचं काय करायचं?" त्याने विचारले. "आज बुजवला तर वसंतापर्यंत पुन्हा खणता येणार नाही. उद्या घोडा गेला तर मला हाक मारू नका, माझ्या हातात काही नसेल."

डेलमारने परत दिलेला फोन ऑरेस्टच्या खिशात सुरूच होता. "उघडा राहू दे," लिओना म्हणाली. तिचा आवाज घोगरा झाला होता. "ऑरेस्ट, ऐक. मला खोटी आशा नको. तो मेला आणि खड्डा नसला तर त्याला साखळी लावून गाडीत चढवतील. त्यापेक्षा उघडा राहू दे."

तिचे बरोबर होते. कोणत्याही हिशेबाने तिचेच बरोबर होते. ऑरेस्टने कॉपरकडे पाहिले. तो मान खाली घालून, पोट आवळून उभा होता. मधूनच वळून स्वतःच्या कुशीकडे पाहत होता, आणि ते लक्षण काही चांगले नव्हते.

"बुजव," ऑरेस्ट म्हणाला.

"ऑरेस्ट!"

"तिथं पाणी आहे हे त्याला आता कळलंय. पुन्हा उतरेल. भिंत एकदा सुटलीय, दुसऱ्यांदा तो निघणार नाही."

"फाटक लाव मग! फाटक लावता येत नाही का तुला?"

"येतं."

"म्हणजे हे कारण नाहीये," ती म्हणाली.

"नाही."

"बुजव म्हणावं त्याला," लिओना म्हणाली.

डेलमारने खड्डा बुजवला. बूट आतच राहिला. जेसीबीचा आवाज रस्त्यावर विरून गेला, आणि कुरणात ऑरेस्ट आणि घोडा दोघेच उरले. ऑरेस्ट त्याला कुंपणाच्या कडेने चालवत राहिला. एकदा कॉपर थांबला आणि त्याचे पुढचे गुडघे वाकू लागले. ऑरेस्टने मोरकी वर खेचून धरली, शिव्या दिल्या, विनवण्या केल्या, आणि तो पुन्हा चालला. खिडकीत दिवा लागला होता. फोन सुरूच होता.

झुडपांमागे आभाळ तांबडे असतानाच कॉपर पुन्हा थांबला. त्याने मागचे पाय फाकवले. ऑरेस्टने मोरकी घट्ट धरली. घोड्याने शेपटी उचलली.

"लिओना."

"बोल."

"टाकली."

"काय टाकली? नीट बोल!"

"लीद. लीद टाकली त्यानं. सुकी आहे, तेलकट आहे, पण टाकली."

पलीकडून नाक शिंकरल्याचा आवाज आला. "किती?"

"मोजली नाही."

"तू? मोजली नाहीस?" ती हसू लागली आणि तिला ते थांबवता येईना. "डॉक्टरला फोन कर. आणि ये इकडं. बादली पायरीवर ठेवलीय मी, पाणी कोमट आहे. हीटर न लावता केलंय."

"तू पायऱ्यांपर्यंत गेलीस?"

"एकच उतरले. भांड नंतर. आधी पाणी ने."

ऑरेस्टने बादली नेली. चोथा त्याने लाकडी खोक्यात कालवला आणि जमिनीवर ठेवला. मग हातमोजा काढून स्वतःचा उघडा हात आधी बादलीत आणि मग खोक्यात घातला, आणि मगच बाजूला झाला. कॉपरने बादली आधी संपवली. नंतर त्याने खोक्यावर मान वाकवली, झिजल्या दाढांनी बराच वेळ चघळत राहिला, आणि या वेळी बोळा खाली पडला नाही.